विचारा की! तंबू, नवरा आणि काळीकाठचं जंगल

यावेळी जंगलाचीच पत्रं जास्त आलीत. थंडी पडायला लागली की बेळगावच्या माणसाला एक तर हुरडा आठवतो नाहीतर दांडेली, त्यामुळं नवल काय नाही. पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीय, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : काकू, डिसेंबरात आमच्या लग्नाला दोन वर्षं होतील. ह्यांनी ऑनलाइन तंबू मागवलाय, हॉलमध्ये लावून पण बघितला, सासूबाई त्या तंबूला वळसा घालून स्वयंपाकघरात जातात नि काही बोलत नाहीत म्हणजे काय ते समजून घ्या. ह्यांचं म्हणणं असं की नॅशनल पार्कात जायचं, नदीकाठी आपला तंबू आपण लावायचा, भीमगड नाहीतर अणशी, मित्र जाऊन आलेत, त्यांचे फोटो पण आहेत. मला जायचंय, खरंच जायचंय, पण जनावरांची भीती वाटते, बाथरूमचं काय ते कळत नाही नि त्यात माझी तारीख त्याच आठवड्यात येते. ह्यांना विचारलं की म्हणतात 'अगं काय होत नाही'. खरंच काय होत नाही का?
(शहापूर, बेळगाव)

उत्तर : अगं पोरी, 'काय होत नाही' हे वाक्य मी पण ऐकलंय, लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी, खानापूरच्या पलीकडं एका ओढ्याकाठी. माझा नवरा कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायचा, त्याला झाडं दिसायची, बाकी काही दिसायचं नाही. सपाट, मऊ, गवत दबलेली जागा बघून त्यानं ताडपत्रीचा तंबू ठोकला. रात्री दोन-अडीचला बाहेर फुसफुस, जड पावलं, आणि आम्ही दोघं आत एकमेकांचा हात धरून, श्वास पण जपून घेत. सकाळी बघतो तर तंबूभोवती गव्यांचे खूर नि कपडे वाळत घातलेली दोरी तुटून चिखलात. जवळच्या वाडीतला एक म्हातारा आला, बघून म्हणाला, "ती जागा मऊ का हाय सांगा बघू? त्यांची पाण्याची वाट हाय की ती." इतकं साधं, पण मास्तरला कळलं नव्हतं.

तर आता तुझं. ह्यांना पहिलं हे सांग की नॅशनल पार्कात स्वतःचा तंबू स्वतःच्या मनानं लावता येतच नाही. हौसेचा प्रश्न नाही, कायद्याचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ नं परवानगीशिवाय अभयारण्यात शिरायलाच बंदी आहे, कलम ३० मध्ये आगीचं आहे म्हणजे तुमची ती रोमँटिक शेकोटी, आणि कलम ३५ नं हेच सगळं नॅशनल पार्कला पण लागू होतं. मित्रांनी फोटो टाकलेत म्हणतेस ते एक तर जंगलाच्या बाहेरच्या कुणाच्या तरी जमिनीतले असतील, नाहीतर त्यांचं नशीब बरं होतं नि गार्ड दुसऱ्या बाजूला होता.

आणि भीमगड हे नॅशनल पार्क नव्हेच, ते अभयारण्य, २०११ साली जाहीर झालेलं, आपल्या खानापूर तालुक्यात. शिवाजी महाराजांच्या वेळचा किल्ला आहे आत, म्हादईचं उगमाचं रान आहे, बारापेडेच्या गुहेत राऊटनचं वटवाघूळ आहे, १९१३ साली त्याची शास्त्रात नोंद झाली नि पुढं कितीतरी वर्षं जगात ही एकच जागा माहीत होती त्याची. एवढं सगळं आपल्या दारात नि आपण मात्र 'कुठंतरी लांब जाऊ या की' करत बसतो! पण किल्ला काय, गुहा काय, आपल्या मनानं उठून जायचं नाही, खात्याची परवानगी लागते, नि गुहेत तर बॅटरी मारायला शिरूच नका, त्या वटवाघळांना त्रास होतो.

अणशी मात्र खरं नॅशनल पार्क, १९८७ पासूनचं, जोयडा तालुक्यात. दांडेली अभयारण्य नि अणशी मिळून २००७ ला व्याघ्र प्रकल्प झाला नि २०१५ ला त्याचं नाव काळी टायगर रिझर्व्ह असं बदललं, काळी नदीवरून. नदी कारवारला समुद्राला मिळते तोवर तिच्यावर धरणंच धरणं, त्यातल्या सुपा धरणात जुनं सुपा गाव गेलं, तिथली माणसं रामनगरला येऊन वसली. लोंढ्यावरून जाताना चहाला थांबशील ते हेच रामनगर, तिथल्या हॉटेलात म्हाताऱ्या माणसाशी बोलून बघ, कोकणी-मराठी सगळं चालतं, नि सुप्याचा विषय काढलास तर बस चुकेल.

मग तंबूत राहायचंच तर काय? वनखात्याचे नेचर कॅम्प आहेत, दांडेलीजवळ कुळगीला आहे, अणशीला आहे. कुळगीत तयार तंबू आहेत, पक्क्या खोल्या पण आहेत, संडास-बाथरूम आहे, जेवण मिळतं. तुझा बाथरूमचा प्रश्न तिथं सुटला. ऑनलाइन बुकिंग करून जायचं, दोघांचं आधार बरोबर ठेवायचं, शनिवार-रविवार लवकर भरतात म्हणून मधल्या वारी जमलं तर बघा. बेळगावातून अडीच-तीन तास धरा. ह्यांना वाटेल की तयार तंबूत कसली आलीय मजा, पण रात्री दहानंतर तिथं जो अंधार पडतो नि त्यात जे आवाज येतात ना, तंबू कुणी ठोकला हे आठवत पण नाही.

चार पैसे खर्चून आणलेला तंबू मग काय करायचा? त्याला पण जागा आहे. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला जंगलाच्या हद्दीबाहेर शेतं आहेत, मालकाला विचारून, पैसे देऊन शेतात लावायचा, मालकाचं घर हाकेच्या अंतरावर असलेलं बरं. मलप्रभेचा उगम कणकुंबीलाच आहे, सकाळी जाऊन या. मी तर म्हणते पहिली रात्र अशी शेतात काढा, तंबू लावायची प्रॅक्टिस होते, भांडण पण तिथंच होऊन जातं (तंबू लावताना नवरा-बायको भांडत नाहीत असं मी अजून बघितलं नाही, एक जण कागद वाचतो नि दुसरा न वाचता दांडी घुसवतो), आणि मग दुसऱ्या रात्री कुळगीत जावा.

जागा बघताना म्हाताऱ्यानं मला सांगितलं तेच, दबलेलं गवत नको, पाणवठ्याला जाणारी पायवाट नको, ओढ्याच्या अगदी काठाला नको, वाळक्या फांद्या डोक्यावर असलेल्या झाडाखाली नको. दोघांना 'दोन जणांचा' तंबू घेतला असेल तर तो दोन जणांचा नसतो, एक जण नि एक पिशवी एवढाच असतो. चेन कायम बंद. सकाळी बूट घालायच्या आधी झटकायचे, विंचवाला बूट फार आवडतो. डिसेंबरात त्या बाजूला पहाटे गारठा चांगलाच असतो नि दव इतकं पडतं की तंबू आतून घाम फुटल्यासारखा ओला होतो, वरची हवेची जाळी झाकू नका, गरम होईल म्हणून नव्हे, ओल बाहेर जायला. खाली जाड चटई, नुसत्या स्लीपिंग बॅगनं पाठ गोठते.

जनावरांचं म्हणशील तर वाघ-बिबट्याची भीती सगळ्यांना असते पण आपल्याकडं खानापूर भागात माणसाला खरा दणका देतं ते अस्वल. ते मुद्दाम येत नाही, पहाटे-संध्याकाळी वारूळ नाहीतर करवंदाच्या जाळीत तोंड घालून बसलेलं असतं नि आपण गुपचूप जवळ जाऊन त्याला दचकवतो. म्हणून चालताना दोघांनी बोलत चाला, भांडलात तरी चालेल. अंधार पडल्यावर तंबूपासून लांब जायचं नाही. गवा दिसला तर गाडीत असाल तर थांबा, हॉर्न नको, फोटोसाठी उतरणं तर अजिबात नको.

आता ज्याची भीती कुणालाच वाटत नाही पण वाटायला हवी ते सांगते, गोचीड. माकडताप ऐकलायस का? १९५७ साली शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला, त्याचंच नाव लागलं त्या रोगाला, नि आता कारवारच्या बाजूला, इकडं खानापुरात, पलीकडं सिंधुदुर्गात पण झालेला आहे. बारीक गोचीड चावल्यावर होतो, आणि त्याचा मोसम नेमका डिसेंबर ते मे, म्हणजे आपला फिरायचाच मोसम. मेलेलं माकड दिसलं तर त्या जागेला वळसा घाला आणि गार्डला सांगा, त्याला हात लावायचा नाही, फोटो पण लांबूनच. पूर्ण बाह्या, पँटचे पाय मोज्यात, वाळक्या पाल्यावर बसायचं-लोळायचं नाही (हे तुझ्या ह्यांना दोनदा सांग), संध्याकाळी एकमेकांचं अंग तपासायचं, गुडघ्यामागं, काखेत, केसात, कमरेच्या पट्ट्याखाली. लाजायचं काय त्यात, लग्न झालंय की. गोचीड लागलीच तर बारीक चिमट्यानं चामडीला अगदी लागून धरायची नि सरळ ओढायची, काडी लावायची नाही, तेल ओतायचं नाही. घरी आल्यावर आठवडा-दीड आठवड्यात जोराचा ताप, अंग मोडून दुखणं असं झालं तर डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगायचं की जंगलात जाऊन आलोय, नाहीतर तो साध्या फ्लूच्या गोळ्या देईल, त्याचा पण दोष नाही.

तारखेचं. तारीख आहे म्हणून जाऊ नये असं काही नाही, पण कटकट वाटत असेल तर एक आठवडा पुढं ढकल, वाढदिवस लग्नाचाच आहे, त्याला मुहूर्त लागत नाही. गेलीस तर नेहमीपेक्षा जास्त पॅड, जुने पेपर, दोन जाड चेनच्या पिशव्या. वापरलेले पॅड गुंडाळून पिशवीत नि पिशवी घरी परत. जंगलात पुरायचे नाहीत, रात्री जनावरं उकरतात नि सकाळी ते सगळं वाटेवर पसरलेलं असतं. मी बघितलंय, सांगण्यासारखं नाही.

रेंजचा भरवसा धरू नका, घरी सांगून ठेवा की उद्या दुपारपर्यंत फोन येणार नाही, कुठं राहणार त्याचं नाव-नंबर एका कागदावर लिहून सासूबाईंच्या हातात दे. त्या का बोलत नाहीत तर त्यांना कुणी काही विचारलंच नाही असं मला वाटतं. तंबू घरात लावलाच आहे तर एकदा आत बसवा की त्यांना.

प्रश्न : मॅडम, आम्ही दोघं दांडेलीला जाऊन आलो. दोन दिवस, दोन सफारी, वाघ सोडाच त्याचं शेपूट पण दिसलं नाही, चितळ नि गवे बघायला एवढे पैसे गेले. बायको मात्र खूश, म्हणते तंबूबाहेर खुर्चीवर बसून चांदण्या बघितल्या मला पुरे झालं. आम्ही आता यावरून घरात बोलत नाही आहोत. पैसे वाया गेले की नाही सांगा.
(निपाणी)

उत्तर : गेले, पण तुमच्या एकट्याचे.

साहेब, काळीचं जंगल बांदीपूर-कबिनीसारखं नाही. तिकडं झाडी विरळ, गवताळ, लांबवरचं दिसतं. इकडं सह्याद्रीचं गच्च रान, पाऊस भरपूर, दहा फुटांवर वाघ उभा असला तरी तुम्हाला दिसायचा नाही, त्याला तुम्ही दिसता. काळा बिबट्या, म्हणजे ब्लॅक पँथर, याच जंगलात आहे पण तो बघितलेली माणसं फार थोडी, आणि त्यातली निम्मी खोटं बोलतात. दांडेलीला वाघासाठी जाऊच नये. धनेशासाठी जावं. चार जातींचे धनेश आहेत तिथं, मोठा धनेश उडत गेला की पंखांचा आवाज असा येतो की वाटतं वर कुणीतरी घोंगडं झटकतंय. सकाळी दांडेलीच्या टिंबर डेपोजवळ जाऊन उभं राहायचं, जिप्सी पण लागत नाही त्याला. शेकरू बघितलं का? नाही ना, कारण तुम्ही सगळा वेळ खाली बघत होता.

पुढच्या वेळी वाघच बघायचा असेल तर बांदीपूरला जावा आणि बायकोला विचारून जावा. आणि निपाणीकर आहात म्हणून एक सांगते, पावसाळ्याच्या तोंडाला जाणार असाल तर तुमच्याकडची तंबाखू कामाला येते, पाण्यात भिजवून ते पाणी मोज्यांना लावलं की जळवा चढत नाहीत, आमच्या मास्तरांचा जुना उपाय. पण भर पावसात सफारी, कॅम्प बरेचदा बंद असतात, फोन करूनच निघा.

प्रश्न : ताई, आमचं शेत जांबोटीकडं रस्त्याला लागून आहे. शनिवारी-रविवारी गाड्या येतात, जोडपी असतात, पोरांची टोळकी असतात, न विचारता बांधाला तंबू लावतात, शेकोटी करतात, सकाळी बाटल्या टाकून जातात. गेल्या महिन्यात आमच्या म्हशीच्या खुरात काच गेली, डॉक्टर आणावा लागला. हटकलं तर म्हणतात 'अंकल, निसर्ग सगळ्यांचा आहे'. काय करावं?
(खानापूर तालुका)

उत्तर : दादा, निसर्ग सगळ्यांचा असेल पण सातबारा तुमचा आहे, म्हणजे आपल्याकडं आता 'पहाणी' म्हणतात ते.

तीन गोष्टी करा. एक, बोर्ड लावा, मराठीत नि कन्नडात दोन्हीत, नुसता 'प्रवेश बंद' असा नको, 'खाजगी जमीन, तंबू लावायचा असेल तर विचारा' असा, खाली फोन नंबर. दोन, पैसे घ्या. लाजू नका. रात्रीचे एवढे, भाकरी-पिठलं पाहिजे असेल तर वेगळे, आंघोळीचं गरम पाणी वेगळं. येणाऱ्यांना हे पाहिजेच असतं, विचारायला माणूस सापडत नाही म्हणून ती बांधाला झोपतात. पहिल्या पत्रातल्या शहापूरच्या पोरीला मी तुमच्यासारख्यांच्याच शेतात पाठवतेय. रोजचाच धंदा करायचा झाला तर मात्र पंचायतीत जाऊन होमस्टेच्या परवानगीची चौकशी करून घ्या, मागाहून कुणी येऊन दम द्यायला नको. आणि तीन, काचेच्या बाटलीला सरळ बंदी, डिपॉझिट घ्या, सकाळी कचऱ्याची पिशवी दाखवली की परत. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबानं हे सुरू केल्यापासून त्यांच्या शेतात काच दिसली नाही, उलट एक जोडपं मागच्या लोकांचा कचरा पण उचलून गेलं, डिपॉझिट जाईल या भीतीनं असेल.

न विचारता शेकोटी पेटवली नि बाजूला गवत वाळलेलं असेल तर मात्र गप्प बसू नका, फोटो काढा, ११२ ला लावा. वणवा लागला की तुमचं शेत नि पलीकडचं फॉरेस्ट यात त्याला फरक कळत नाही. म्हैस आता बरी आहे ना? लिहा.

प्रश्न : काकू, आम्ही दोघं अणशीला चाललोय, खायला काय न्यावं? आई म्हणते कुंदा ने. जंगलात टिकतो का?
(टिळकवाडी)

उत्तर : टिकतो, थंडीत दोन दिवस सहज, तुम्ही टिकू दिलात तर. पण पोट भरायला कडक भाकरी न्या, ती चार दिवस काय आठ दिवस तशीच राहते, बरोबर शेंगदाण्याची चटणी, गुरेळाची चटणी, दह्याची सोय झाली तर बघायलाच नको. चिरमुरे न्या, पण तंबूत खाऊ नका, एक दाणा सांडला की रात्रभर मुंग्यांची मिरवणूक. शिजवायची भानगड कॅम्पात करू नका, जेवण तिथं मिळतं.

कुंदा मात्र स्टीलच्या घट्ट डब्यात, डबा गाडीत, गाडीच्या काचा बंद. आम्ही एकदा डबा तंबूबाहेर दगडावर ठेवून तोंड धुवायला गेलो. परत आलो तर लाल तोंडाचं एक माकड डब्याचं झाकण काढून, मांडीवर डबा घेऊन, दोन बोटांनी चाटत होतं. मास्तर म्हणाले हाकल. मी म्हटलं राहू द्या आता, अर्धा संपलाच आहे. डबा तेवढा नंतर झाडाखाली मिळाला, झाकण अजून मिळालेलं नाही.